पट्टी वाकते, पट्टी कंपते

सिलिकॉनची एक पट्टी डोळ्यांसमोर आणा. लांबी ५०० मायक्रोमीटर, म्हणजे अर्धा मिलिमीटर. रुंदी १०० मायक्रोमीटर. जाडी फक्त १ मायक्रोमीटर. तिचे एक टोक सिलिकॉनच्याच जाड ठोकळ्यात पक्के रुतलेले आहे आणि दुसरे मोकळे. अशा रचनेला कँटिलिव्हर म्हणतात. या पट्टीच्या एका बाजूला सोन्याचा पातळ मुलामा दिला आणि त्यावर रेणूंचा एकच थर बसला, तरी पट्टीला ते जाणवते. जाणवल्याची खूण ती दोन प्रकारे देते: एक तर ती किंचित वाकते, आणि दुसरे म्हणजे तिच्या कंपनाची वारंवारता बदलते.

या दोन खुणांवर गेल्या तीस वर्षांत संवेदकांची एक अख्खी शाखा उभी राहिली. रक्तातले प्रथिन, हवेतली पाऱ्याची वाफ, डीएनएचा तुकडा, स्फोटकाचा माग अशा कितीतरी गोष्टी ओळखायला या पट्ट्या वापरल्या गेल्या. हे पुस्तक त्या साऱ्या शाखेचे नाही. ते एका प्रश्नाचे आहे: पट्टीच्या पृष्ठभागावरचे प्रतिबल बदलले, तर तिच्या कंपनाची वारंवारता बदलते का? बदलत असेल तर किती, आणि नेमकी कशामुळे?

प्रश्न अरुंद वाटेल. पण १९७५ मध्ये त्याचे एक उत्तर दिले गेले, १९७६ मध्ये ते चूक असल्याचे दाखवले गेले, तरीही ते वापरात राहिले, आणि त्याचा पूर्ण उलगडा होऊन प्रयोगाची मोहोर उमटायला २०१२ साल उजाडले. एवढा काळ लागण्याचे कारण गणिताच्या अवघडपणात नव्हते. ते होते बलाचा हिशेब मांडण्याच्या पद्धतीत. आतले बल आणि बाहेरचे बल यांत फरक करणे हा यंत्रशास्त्राचा पहिला धडा. या सूक्ष्म पट्टीवर तो धडा पुन्हा गिरवावा लागला, आणि म्हणूनच या विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहावेसे वाटले.

आधी पृष्ठप्रतिबल, म्हणजे सरफेस स्ट्रेस, कुठून येते ते पाहू. घन पदार्थाच्या पोटातल्या अणूला चहूबाजूंनी शेजारी असतात. पृष्ठभागावरच्या अणूला वरच्या बाजूने कोणीच नसते. त्यामुळे उरलेल्या शेजाऱ्यांशी असलेले त्याचे बंध बदलतात आणि त्याला सोयीचे असलेले अंतर आतल्या जाळीच्या अंतराशी जुळेनासे होते. पण तो त्या जाळीला बांधलेला असतो, मनासारखे सरकणे त्याच्या हातात नसते. म्हणून पृष्ठभाग सतत आकसू पाहतो किंवा पसरू पाहतो, आणि खालचा पदार्थ त्याला रोखून धरतो. पृष्ठभागावर एक रेघ कल्पिली, तर तिच्या दर मीटर लांबीमागे जेवढे बल ओढते किंवा ढकलते तेवढे पृष्ठप्रतिबल. त्याचे एकक न्यूटन प्रति मीटर.

द्रवाच्या पृष्ठताणाचे एककही हेच आहे, पण दोन्हींतली घडामोड वेगळी. द्रवाचा पृष्ठभाग वाढवला की आतले रेणू वर येऊन नवी जागा भरून काढतात. घनाचा पृष्ठभाग ताणला तर अणू तेवढेच राहतात, त्यांच्यातले अंतर वाढते. म्हणून घनामध्ये नवा पृष्ठभाग तयार करायला लागणारी ऊर्जा आणि असलेला पृष्ठभाग ताणायला लागणारे बल या दोन निराळ्या राशी ठरतात. जोसाया विलार्ड गिब्ज यांनी एकोणिसाव्या शतकातच हा भेद ओळखला होता, आणि १९५० मध्ये शटलवर्थ यांनी या दोन राशींना जोडणारे समीकरण दिले. पृष्ठभागावर परके रेणू बसले की अणूंचे बंध पुन्हा बदलतात, आणि त्यांच्याबरोबर पृष्ठप्रतिबलही बदलते. संवेदक म्हणून पट्टीचा सगळा उपयोग या बदलात आहे.

हा बदल पट्टीला वाकवतो, हे मोजण्याचा मार्ग फार जुना आहे. १९०९ मध्ये जेराल्ड स्टोनी यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एक छोटासा निबंध लिहिला. स्टोनी हे अभियंते होते, चार्ल्स पार्सन्स यांच्याबरोबर त्यांनी वाफेच्या टर्बाइनवर काम केले होते. विजेच्या साहाय्याने चढवलेला निकेलचा थर जाड झाला की सोलून निघतो, ही त्या काळच्या कारखान्यांची नेहमीची तक्रार. स्टोनींनी पोलादाच्या पातळ पट्टीवर एका बाजूने निकेल चढवले आणि पट्टी किती वाकते ते मोजले. थर ताणलेल्या अवस्थेतच बसतो आणि सुटका करून घेण्यासाठी पट्टीला आपल्याकडे ओढतो, हे त्यांनी दाखवले. त्यांच्या सूत्राची थोरवी अशी, की त्यात थराचा स्वतःचा ताठरपणा माहीत असावा लागत नाही. खालच्या पट्टीची जाडी आणि तिचा यंग गुणांक, म्हणजे पदार्थाच्या ताठरपणाचे माप, कळला की पुरते. शंभर वर्षे उलटली तरी सूक्ष्म पट्टीचे वाकणे आजही याच सूत्राने, पॉयसाँ गुणोत्तराची (एका दिशेत ताणल्यावर पदार्थ आडव्या दिशेत किती आकसतो त्या प्रमाणाची) दुरुस्ती करून, वाचले जाते.

आपल्या पट्टीवर हे सूत्र लावून पाहू. सिलिकॉनचा यंग गुणांक सुमारे १७० गिगापास्कल धरला आणि एका बाजूचे पृष्ठप्रतिबल ०.००५ न्यूटन प्रति मीटर एवढे बदलले, तर मोकळे टोक सुमारे १६ नॅनोमीटर सरकते. हे अंतर डोळ्याला दिसणारे नाही, पण टोकावरून परावर्तित झालेल्या लेझर किरणाला ते सहज कळते. १९८६ मध्ये बिनिग, क्वेट आणि गेर्बर यांनी अॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप मांडला तेव्हा पट्टीचे वाकणे इतक्या बारकाईने टिपण्याची गरज पहिल्यांदा निर्माण झाली. पुढे ती हातोटी बसली, आणि मायक्रोस्कोपमधली पट्टी बाहेर काढून तिलाच संवेदक का करू नये, हा विचार आला. १९९४ मध्ये झुरिकजवळच्या आयबीएम प्रयोगशाळेत गिमझेव्स्की आणि सहकाऱ्यांनी पट्टीवरच्या रासायनिक अभिक्रियेची उष्णता अशा वाकण्यातून टिपली. त्याच सुमारास अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत थॉमस थुंडाट आणि सहकारी उष्णतेने व आर्द्रतेने पट्ट्या कशा वाकतात ते नोंदवत होते. २००० मध्ये झुरिक आणि बाझेल येथील गटाने डीएनएचे दोन धागे पट्टीवर जुळताना तिचे वाकणे मोजले, आणि धाग्यातल्या एका बेसचा फरकही ओळखता येतो हे दाखवले. पुढच्याच वर्षी बर्कलीत अरुण मजुमदार यांच्या गटाने प्रोस्टेटच्या कर्करोगाशी निगडित पीएसए हे प्रथिन याच पद्धतीने मोजले. मजुमदार हे आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी.

वाकण्याची कथा इथवर सरळ आहे. कंपनाची तशी नाही.

पट्टीला हलकासा झटका दिला की ती स्वतःच्या ठरावीक वारंवारतेने कंप पावते. आपल्या पट्टीची ही वारंवारता सुमारे ५,५०० हर्ट्झ येते. ती दोनच गोष्टींवर ठरते: पट्टी किती ताठ आहे आणि किती जड आहे. वजन वाढले की वारंवारता उतरते, ताठरपणा वाढला की चढते. आता सोन्याच्या बाजूवर डोडेकेनथायॉल या रेणूंचा एक पूर्ण थर बसवला असे समजू. सोन्यावर हे रेणू किती दाटीने उभे राहतात ते माहीत आहे, त्यामुळे थराचे वजन काढता येते: सुमारे ७७ पिकोग्रॅम. पट्टीचे स्वतःचे वजन ११६ नॅनोग्रॅमच्या घरात. या वाढलेल्या वजनामुळे वारंवारता जवळपास २ हर्ट्झने उतरेल. वारंवारता ही मोजायला सर्वांत भरवशाच्या राशींपैकी एक असल्यामुळे एवढा फरकही पकडता येतो. याच तत्त्वावर, याहून कितीतरी छोट्या पट्ट्या करून, २००४ मध्ये पर्ड्यू विद्यापीठातल्या रशीद बशीर यांच्या गटाने एकेका विषाणूचे वजन केले.

पण थर बसला की वजनाबरोबर पृष्ठप्रतिबलही बदलते. थायॉलचा थर सोन्यावर पसरू पाहतो, आणि त्याचे प्रतिबल मीटरमागे न्यूटनच्या दहाव्या भागाच्या आसपास जाते. मग ताठरपणाचे काय? इथे आपली सहजबुद्धी लगेच एक उत्तर पुढे करते. तंबोऱ्याची खुंटी पिळली की तार ताणली जाते आणि स्वर चढतो, सैल केली की उतरतो. पट्टीचा पृष्ठभाग तिला लांबीच्या दिशेने ताणत किंवा दाबत असेल, तर तिचीही वारंवारता तशीच चढायला किंवा उतरायला हवी. १९७५ मध्ये एमआयटीमध्ये लागोव्स्की, गाटोस आणि स्प्रोल्स यांनी गॅलियम आर्सेनाइडच्या पातळ स्फटिकपट्ट्यांच्या कंपनाचा अभ्यास केला. पट्ट्या पातळ झाल्या की वारंवारता सूत्राने सांगितलेल्या आकड्यापासून दूर जात होती. पृष्ठप्रतिबल हे पट्टीच्या अक्षावर लागलेले बल मानून त्यांनी त्याचा अर्थ लावला. या मांडणीला अक्षीय बलाचे प्रारूप म्हणतात.

हे प्रारूप आपल्या पट्टीवर चालवून पाहावे, म्हणजे ते कुठे नेते ते दिसेल. पृष्ठप्रतिबल ०.१ न्यूटन प्रति मीटर आणि रुंदी १०० मायक्रोमीटर, म्हणून अक्षावरचे दाबबल १० मायक्रोन्यूटन. याच पट्टीचे ऑयलरचे सीमाबल, म्हणजे ज्या दाबाखाली ती उभी राहूच शकत नाही आणि एका बाजूला लवून कोसळते तो दाब, सुमारे १४ मायक्रोन्यूटन आहे. म्हणजे रेणूंच्या एका थराने पट्टीला कोसळण्याच्या उंबरठ्यावर नेऊन ठेवले! वारंवारता ५,५०० वरून २,९०० च्या आसपास घसरायला हवी. थर थोडा अधिक जोर लावणारा असता तर पट्टी कंप पावायलाच उरली नसती. अशा थरांखाली सिलिकॉनच्या पट्ट्या रोज प्रयोगशाळेत कंप पावतात आणि त्यांचे काहीही बिघडत नाही. हिशेबात कुठेतरी मोठी गफलत आहे हे एवढ्यावरूनच कळते.

ती गफलत १९७६ मध्ये मॉर्टन गर्टिन, झँथिपी मार्केन्स्कॉफ आणि थर्स्टन यांनी दोन पानांच्या आवाक्यात दाखवून दिली. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा समजायला कागद-पेन्सिल पुरते. पट्टी मध्येच आडवी कापली असे कल्पा आणि मोकळ्या टोकाकडचा तुकडा नीट पाहा. या तुकड्याला टोकाकडून कोणी ओढत नाही, कोणी ढकलत नाही. तो लांबीच्या दिशेने स्थिर आहे. म्हणजे कापलेल्या छेदावर लागणाऱ्या सगळ्या बलांची लांबीच्या दिशेतली बेरीज शून्यच असली पाहिजे. आता त्या छेदावर काय काय आहे ते मोजा. पृष्ठभागाचा थर पसरू पाहतो, तो दहा मायक्रोन्यूटनने ढकलतो. मग बेरीज शून्य येण्यासाठी खालच्या सिलिकॉनने नेमके दहा मायक्रोन्यूटनने उलट ओढलेच पाहिजे, आणि ते तसे ओढते. थराने दाब दिला, सिलिकॉनने ताण घेतला, दोन्ही एकमेकांत जिरले. पट्टी तिरकी झाली की थराच्या बलाचा जो भाग तिला आणखी बाजूला ढकलू पाहतो, तोही सिलिकॉनच्या उलट्या बलाने पुसला जातो. तंबोऱ्याच्या तारेचे तसे नाही. तिला दोन्ही टोकांना बाहेरून धरलेले असते. ती मध्येच कापली तर छेदावरचे बल शून्य नसते, म्हणून तर तुटलेली तार उसळते.

याच छेदातून वाकण्याचे उत्तरही मिळते, आणि म्हणून मला हा युक्तिवाद या विषयातला सर्वांत देखणा वाटतो. थराचे बल पट्टीच्या वरच्या कडेला लागते आणि त्याला तोलणारे सिलिकॉनचे बल जाडीभर पसरलेले असते. दोन्ही बले समान आणि विरुद्ध, पण एका रेषेत नाहीत. त्यांच्यातले अंतर जाडीच्या निम्मे. म्हणून बलांची बेरीज शून्य येते, पण आघूर्णाची, म्हणजे वळवू पाहणाऱ्या परिणामाची, येत नाही. उरलेला हा आघूर्ण पट्टीला वाकवतो, आणि त्याचा हिशेब मांडला की स्टोनीचे सूत्र हाती येते. पट्टी वाकते तेही याच कारणाने आणि वारंवारता जवळजवळ ढळत नाही तेही याच कारणाने. दोन वेगळ्या समजुतींची गरज नाही.

गर्टिन आणि सहकाऱ्यांनी एक दार मात्र उघडे ठेवले. पट्टी ताणली जाताना पृष्ठप्रतिबल स्वतःच बदलत असेल, म्हणजे पृष्ठभागाला स्वतःची लवचीकता असेल, तर ताठरपणात खरोखरची भर पडते. ही भर जाडीच्या व्यस्त प्रमाणात वाढते, त्यामुळे नॅनोमीटरच्या जाडीच्या पट्ट्यांत तिला महत्त्व येते. २००५ मध्ये सिंगापूरमधील लू, ली, ओशी आणि सहकाऱ्यांनी हाच मुद्दा संवेदकांच्या संदर्भात पुन्हा ठासून मांडला.

पुन्हा का मांडावा लागला, हा या पुस्तकातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न आहे. १९७६ चे खंडन छापलेले होते, तरी नव्वदच्या दशकात पट्ट्या संवेदक म्हणून पुढे आल्या तेव्हा अक्षीय बलाचे प्रारूप पुन्हा प्रचारात आले. प्रयोगांत वारंवारतेचे बदल खरोखर दिसत होते. ओक रिजच्या गटाने १९९५ मध्ये सोन्याचा मुलामा दिलेल्या पट्ट्यांवर पाऱ्याची वाफ सोडली तेव्हा वजन आणि ताठरपणा या दोन्हींचे बदल एकमेकांत गुंतलेले आढळले. ताठरपणाच्या बदलाला कारण हवे होते आणि पृष्ठप्रतिबल समोरच होते. त्यातून, पृष्ठप्रतिबल स्वतंत्रपणे मोजलेले नसले की सूत्रातला तो आकडा मोकळा राहतो, आणि मोकळा आकडा कोणत्याही वक्राला जुळवून घेतो. सूत्र वक्राला जुळले म्हणजे ते खरे ठरले, असे मानण्याचा मोह मोठमोठ्या प्रयोगशाळांनाही होतो. तरुण संशोधकांनी या इतिहासातून एवढी एक गोष्ट उचलली तरी पुस्तकाचे काम झाले असे मी समजेन.

गर्टिन यांच्या युक्तिवादाने परिणाम शून्य ठरतो, पण तो पट्टीला एकमितीय रेघ मानणाऱ्या सिद्धान्तात. खऱ्या पट्टीला रुंदी असते आणि बूड, म्हणजे ठोकळ्यात रुतलेले टोक, असते. २००७ मध्ये मेलबर्न विद्यापीठातल्या मायकेल लाशुट आणि जॉन सेडर यांनी तिथे लक्ष वेधले. थर पसरू पाहतो तसा तो पट्टीला लांबीत आणि रुंदीतही पसरवू पाहतो. मोकळ्या भागात पट्टी पसरते आणि आतली बले आपसांत जिरतात. बुडाशी मात्र ठोकळा तिला रुंदीत पसरू देत नाही. इथे पहिल्यांदाच बाहेरचे कोणीतरी पट्टीला धरून ठेवते, आणि म्हणून इथेच न जिरलेले प्रतिबल शिल्लक राहते. बुडापासून साधारण एका रुंदीएवढ्या अंतरापर्यंत त्याचा पगडा असतो, पुढे ते विरून जाते. पट्टीच्या ताठरपणावर पृष्ठप्रतिबलाचा जो काही खरा परिणाम होतो, तो या बुडाजवळच्या पट्ट्यातून होतो.

किती होतो? परिणाम पॉयसाँ गुणोत्तराच्या, रुंदी भागिले लांबीच्या, रुंदी भागिले जाडीच्या वर्गाच्या, आणि पृष्ठप्रतिबलाला यंग गुणांक व जाडी यांच्या गुणाकाराने भागून येणाऱ्या आकड्याच्या प्रमाणात असतो. आपल्या पट्टीसाठी, त्याच ०.१ न्यूटन प्रति मीटरला, वारंवारतेतला बदल लाखात सुमारे एक येतो. म्हणजे ५,५०० हर्ट्झमध्ये एक दशांश हर्ट्झही नाही. आता तिन्ही आकडे शेजारी ठेवावेत. अक्षीय बलाच्या प्रारूपाने सांगितलेला बदल सुमारे २,६०० हर्ट्झ. थराच्या वजनामुळे होणारा बदल सुमारे २ हर्ट्झ. पृष्ठप्रतिबलाचा खरा बदल ०.१ हर्ट्झच्या आत. आणखी एक आकडा जोडतो: सिलिकॉन तापले की मऊ पडते, आणि पट्टीची वारंवारता दर अंश सेल्सिअसला दहा लाखांत सुमारे ३० भागांनी उतरते. म्हणजे खोलीचे तापमान एका अंशाने चढले तर पट्टीवर जो परिणाम होतो, तो त्या अख्ख्या थराच्या पृष्ठप्रतिबलापेक्षा मोठा असतो.

२०१२ मध्ये कॅलटेकच्या मायकेल रोक्स यांच्या गटाने, सेडर यांच्या सहभागाने, याची प्रत्यक्ष परीक्षा घेतली. रेणूंवर विसंबले की वजन, ओलावा आणि थराचा ताठरपणा हे सगळेच सोबत येते. म्हणून त्यांनी पट्टीतच दाबविद्युत, म्हणजे विजेचा दाब दिला की आकसणाऱ्या-पसरणाऱ्या, पदार्थाचा थर ठेवला आणि विजेचा दाब बदलून हवे तेवढे प्रतिबल निर्माण केले. वजनात कणाचाही फरक पडत नव्हता. एका टोकाला धरलेल्या आणि दोन्ही टोकांना धरलेल्या, अशा दोन्ही जातींच्या पट्ट्यांचे वागणे सिद्धान्ताशी जुळले. इतकी वर्षे चिघळलेला वाद एका नेटक्या प्रयोगाने मिटला.

मग आधीच्या प्रयोगांत दिसलेले मोठे बदल आले कुठून? बहुतेक ठिकाणी थराच्या स्वतःच्या ताठरपणातून, असे माद्रिदच्या हाविएर तामायो आणि सहकाऱ्यांनी २००६ पासून दाखवायला सुरुवात केली. थर नुसता ओझे म्हणून बसत नाही, तो पट्टीबरोबर वाकतो आणि वाकायला विरोध करतो. तो कुठे बसला यालाही महत्त्व आहे. मोकळ्या टोकाशी हालचाल जास्त, म्हणून तिथे वजन प्रभावी ठरते आणि वारंवारता उतरते. बुडाशी वाकणे जास्त, म्हणून तिथे ताठरपणा प्रभावी ठरतो आणि वारंवारता चढू शकते. २००६ मध्येच पर्ड्यूच्या गटानेही प्रथिनांच्या थराखाली पट्टी अपेक्षेविरुद्ध वागते असे नोंदवले होते. वजन वाढूनही वारंवारता वाढावी, हे कोडे पृष्ठप्रतिबलाशिवायही सुटते. पृष्ठप्रतिबलाला त्याची खरी जागा दिली की इतर कारणे दिसू लागतात, आणि त्यातून थराच्या ताठरपणाचे एक नवे मोजमाप पदरात पडते.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. पवईच्या आयआयटी मुंबईत व्ही. रामगोपाल राव यांच्या गटाने सिलिकॉनऐवजी एसयू-८ या पॉलिमरच्या पट्ट्या विकसित केल्या. एसयू-८ चा यंग गुणांक सिलिकॉनच्या सुमारे चाळिसाव्या भागाएवढा असतो, त्यामुळे तेवढ्याच पृष्ठप्रतिबलाने तेवढ्याच जाडीची पट्टी चाळीसपट वाकते. प्रत्यक्षात या पट्ट्या जाड कराव्या लागत असल्याने त्यातला काही फायदा हातचा जातो. लेझरऐवजी पट्टीतच रोधक बसवून वाकणे विजेच्या भाषेत वाचले की यंत्र हातात मावण्याजोगे होते. याच कामातून पुढे आलेल्या नॅनोस्निफ या कंपनीने स्फोटकांचा माग काढणारे यंत्र बनवले. विमानतळावर बॅगेवरून पुसलेला बोळा अशा यंत्रात जातो तेव्हा पट्टीने दिलेल्या खुणेचा अर्थ बरोबर लावला जाण्यावर माणसांचे जीव अवलंबून असतात. पीएसएचा आकडा वाचणाऱ्या डॉक्टरचेही तेच.

म्हणून या पुस्तकाचा भर उपकरणांच्या यादीवर ठेवलेला नाही, अर्थ लावण्यावर ठेवला आहे. पहिल्या भागात पृष्ठप्रतिबलाचे भौतिकशास्त्र आणि स्टोनीचे सूत्र सविस्तर येते. दुसऱ्या भागात पट्टीच्या कंपनाचे समीकरण पायरीपायरीने मांडले आहे, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापर्यंतचे कलनशास्त्र त्याला पुरते. तिसरा भाग या वादाचा: अक्षीय बल, गर्टिन यांचा छेद, बुडाजवळचे प्रतिबल, आणि शेवटी भूमिती बदलल्याने होणारे परिणाम. दोन बाजूंचे प्रतिबल वेगळे असेल तर पट्टी रुंदीतही किंचित वक्र होते आणि त्या वक्रतेने ताठ बनते, हा त्यातला एक परिणाम. चौथ्या भागात थराचा ताठरपणा, तापमान, आर्द्रता आणि द्रवातले कंपन आहे. पाण्यात बुडवलेली पट्टी आजूबाजूचे पाणीही हलवते, तिचे कंपन लवकर विझते आणि वारंवारता नेमकी वाचणे अवघड होते. यावर एमआयटीच्या स्कॉट मनालिस यांच्या गटाने काढलेली तोड, म्हणजे पट्टी पोकळ करून द्रवच तिच्या आतून वाहवणे, तिथे समजावून दिली आहे.

वाचकाला एकच विनंती आहे. प्रत्येक प्रकरणात ५०० गुणिले १०० गुणिले १ मायक्रोमीटरची हीच पट्टी पुन्हा पुन्हा येते. तिचे आकडे नुसते वाचू नयेत, स्वतः काढून पाहावेत. मग जाडी एक दशांश करून तोच हिशेब पुन्हा करावा. बुडाजवळच्या प्रतिबलाचा परिणाम तेव्हा हजारपटीने वाढतो आणि लाखात एकवरून शेकड्यात एकवर येतो. म्हणजे जे आज दुर्लक्ष करण्याजोगे आहे, ते शंभर नॅनोमीटर जाडीच्या पट्ट्यांत दुर्लक्ष करून चालणार नाही, आणि आजच्या प्रयोगशाळा त्याच जाडीकडे निघाल्या आहेत. पृष्ठप्रतिबलाने वारंवारता बदलत नाही हे वाक्य पाठ करणे, ती बदलते हे वाक्य पाठ करण्याइतकेच धोक्याचे आहे. किती बदलते, कोणत्या मापाच्या पट्टीत, आणि कोणी कुठे धरल्यामुळे, हे तीन प्रश्न विचारून स्वतः आकडा काढणारा विद्यार्थी मराठीतून तयार व्हावा, यासाठी हे पुस्तक लिहिले आहे.